शेजारणीबद्दल सांगा

चहा घ्या निवांत, कारण हा किस्सा ऐकल्यावर मला कोणी पुन्हा काम देईल असं तुम्हाला वाटणार नाही. पण आधीच सांगून ठेवतो, मी माझ्या कामात हुशार आहे. तिथंच तर सगळा घोळ झाला.

माझं काम मार्केट रिसर्चचं. लोक काय विकत घेतात ते दुकानदारही सांगेल, का घेतात ते मी सांगतो. आता सरळ विचारलं तर लोक खरं बोलतात का? छे. बंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या बाईला विचारून बघा, "अक्का, डोशाचं तयार पीठ आणता का?" ती म्हणणार, "इश्श, आमच्यात घरीच वाटतात." आणि मागं फ्रीजमध्ये पाकीट.

म्हणून आमच्याकडं एक युक्ती असते. बाईला स्वतःबद्दल विचारायचंच नाही. विचारायचं, तुमची शेजारीण तयार पीठ का आणत असेल? शेजारणीच्या नावाखाली ती स्वतःच्याच मनातलं बोलून जाते. तिला कळत नाही, आपल्याला कळतं. पुस्तकात छापलंय हे, आणि मी ते पुस्तक कोळून प्यायलोय.

तर एका तयार पिठाच्या कंपनीसाठी मला बायकांना एकत्र बसवून हेच विचारायची बैठक घ्यायची होती. बैठक रंगली तर वर्षभराचं काम, नाहीतर पुण्याहून बंगळुरूला येऊन नुकतंच थाटलेलं माझं ऑफिस बंद. आणि ऐन वेळी बायका जमवून देणारा माणूस फोन उचलेना. मी काय डगमगतोय? यशवंतपूरला मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या सरोजक्कांकडं गेलो. त्यांचं घराणं इथं पिढ्यानपिढ्या मुरलेलं.

"सरी, बरं की, त्यात काय," अक्का म्हणाल्या. "आमचं भजनी मंडळ आहे की. सगळ्या ह्याच गल्लीतल्या. हॉल पण आमचाच घे."

बैठकीला आलेली माणसं एकमेकांना अनोळखी हवीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मला माहीत होता हो. पण म्हटलं, आपल्यासारखा माणूस समोर असताना नियमांचं काय एवढं?

कंपनीच्या देसाई मॅडम आतल्या खोलीत लॅपटॉपवर बैठक बघत बसल्या. मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे त्यांना मराठीतला शब्द न् शब्द कळत होता. मी हॉलमध्ये घसा खाकरला आणि म्हणालो, "स्वतःबद्दल काही सांगू नका. शेजारणीबद्दल सांगा. ती तयार पीठ का आणते?"

मंडळातल्या पुष्पक्कांनी बाजूच्या खुर्चीतल्या विमलक्कांकडं बघितलं. "ही होय? हिला वाटायचा कंटाळा."

गल्ली एकच, तेव्हा शेजारीण म्हणजे खरोखरच शेजारीण, हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही.

"मला कंटाळा?" विमलक्का म्हणाल्या. "आणि मागच्या भजनाला तू सोवळ्यातलं पीठ म्हणून दोसे घातलेस, ते कशाचे? तुझ्या कचऱ्यात पाकिटं बघितलीत मी."

"माझा कचरा बघतेस तू?"

इथं शहाण्या माणसानं चहा मागवला असता. मी समजूत घालायला गेलो. "पुष्पक्का, मनाला लावून घेऊ नका. विमलक्का तुमच्याबद्दल बोलतच नाहीयेत. त्या स्वतःबद्दल बोलतायत. शास्त्र आहे हे."

"म्हणजे पाकिटं माझी?" विमलक्का उभ्या राहिल्या.

मग काय विचारता. जी बोलेल तिला मी सांगत सुटलो, "हे तुमचंच आहे बरं का." त्यामुळे भांडण मिटायचं सोडून अख्ख्या हॉलभर झालं. एवढ्यात फोनवर देसाई मॅडमचा निरोप आला, "फार छान चाललंय." माझी छाती आणखी फुगली.

सरोजक्का तेवढ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या शेजारणीचं काय?"

"मला शेजारीण कुठली रे? एकीकडं देऊळ, दुसरीकडं रिकामी जागा. वर एक शेजारी आहे तेवढा."

"मग शेजाऱ्याबद्दल सांगा की."

हे मीच म्हटलं बरं का, कोणी जबरदस्ती केली नव्हती.

"त्याला ह्या कंपनीची पाकिटं फुकट येतात," अक्का शांतपणे म्हणाल्या. "सगळी खाली आणून देतो. म्हणतो, घ्या अक्का, मला आंबट लागतं. स्वतःला मात्र कोपऱ्यावरनं दुसऱ्या कंपनीचं आणतो, स्वल्प महाग पडलं तरी. आणि आईला फोनवर सांगतो, घरी वाटलं म्हणून."

 आतलं दार उघडलं आणि देसाई मॅडम बाहेर आल्या. मी अजूनही हरलो नव्हतो. म्हटलं, "मॅडम, शास्त्राप्रमाणे अक्का स्वतःबद्दल बोलतायत."

"त्यांना पाकिटं फुकट येतात?" मॅडमनी विचारलं.

मी मनातल्या मनात पुस्तक चाळलं. हा प्रश्न त्यात नव्हता.

मॅडमनी मला रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्या जागी बसल्या. "आता मी विचारते. स्वतःबद्दल काही सांगू नका. अक्कांचा शेजारी दुसऱ्या कंपनीचं पीठ का आणतो?"

विमलक्का आणि पुष्पक्का भांडण विसरून, खुर्च्या जवळ ओढून ऐकायला बसल्या. मी बोलत गेलो, मॅडम मान डोलवत गेल्या.

काम मिळालं का म्हणता? मिळालं की. कंपनीच्या पुढच्या बैठकीला मला मानानं बोलावलंय. प्रश्न मॅडम विचारणार आहेत, मी फक्त शेजाऱ्याबद्दल सांगायचंय.