चौदा माणसांचा धक्का

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, हे केजजवळच्या फाट्यावरच्या चौदा माणसांना माझ्यामुळे कळलं.

माझ्या मुलीचा, पल्लवीचा, अंबाजोगाईच्या मेडिकलला नंबर लागला होता. कागदपत्रं दाखवायचा शेवटचा दिवस, तोही पाचपर्यंतच. ती म्हणत होती, "पप्पा, एस्टीनं जाऊ." पण मी नुकतीच जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती (आमच्या चकलांब्यात पहिली!). ती दारात ठेवून एस्टीनं जायचं? छे!

बीड सुटलं, गाडी सत्तरला लागली. गतिरोधक आला, मी ब्रेक दाबला आणि गाडी हिसका देऊन बंद! चावी फिरवली, चालू. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा बंद! आणि आपल्याकडे गतिरोधकांना काय तोटा? शेवटी पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी गेवराईच्या सलीमभाई मिस्त्रींना फोन लावला.

"सर, आतमदी तेलात दोन पंखे हायेत, समोरासमोर. इंजन एक फिरवतं, तेलाच्या जोरानं दुसरा फिरतो, अन् गाडी चालती. पळायला लागली की आतला क्लच दोगांला जोडून टाकतो. मग तेल घसरत न्हाई, डिझेल वाचतं. थांबताना त्यानं सोडाया पायजे. तुमचा सोडतच न्हाई! चाक थांबलं की इंजन बी थांबतंय. आता तुमी असं करा—"

"कळलं, कळलं!" म्हणत मी फोन ठेवला. (मिस्त्री मला शिकवणार?)

फाट्यावर पोचेस्तोवर सारख्या चाव्या मारून बॅटरीही संपली. साडेतीन वाजले होते. मी पुरता खचलो. टपरीवरची माणसं धावत आली; काचेवर 'शिक्षक' लिहिलेलंच होतं.

"सर, दुसऱ्या गेरात टाका, आमी ढकलतो!"

"हिला तसला गेर नसतो हो."

"गेर न्हाई? मग घेतली कावून?"

"पप्पा, इंजिन बंद म्हणजे चाकं इंजिनाशी जोडणाऱ्या तेलाचा पंप बंद! कितीबी ढकला, चालू व्हणार न्हाई!" पल्लवी कळवळून सांगत होती. पण एवढे पुरुष जमल्यावर पोरीचं कोण ऐकतो? आम्ही अर्धा किलोमीटर गेलो. "अजून जरा जोर!" मी ओरडत होतो (आत बसून!). तेवढ्यात शेजारून एस्टी गेली. खिडकीत फाईल छातीशी धरून पल्लवी! तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पावणेपाचला तिचा फोन आला. "पप्पा, झाली अ‍ॅडमिशन. तुमी जेवलात का?"

मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडलो. लगेच सलीमभाईंचा फोन. आवाज असा खणखणीत की चौदाही जणांनी ऐकला!

"सर, फोन कावून ठिवला? थांबायच्या आदी न्यूट्रल करायचं, मग बंद पडत न्हाई. येवडंच सांगायचं व्हतं!"

चौदा जण घाम पुसत माझ्याकडे वळले. एकानं विचारलं, "सर, शाळंत कोनता विषय शिकवता?"

एकवीस वर्षं विज्ञान शिकवणारा मी खाली मान घालून म्हणालो, "मराठी!"