खोडीचं टेबल

तक्रार ऐकली की अण्णांचा चेहरा खुलायचा. बाकीच्यांना पगारवाढीने होतो तेवढा आनंद या माणसाला कुरकुरीने होई. महाबळेश्वरच्या वाटेवर आमचा जॅमचा कारखाना, आणि त्यात अण्णा पॅकिंग खात्याचे प्रमुख. कुणी तोंड वाकडं करून आलं की आपली खुर्ची त्याला द्यायची, चहा सांगायचा आणि स्वतः भिंतीला टेकून विचारायचं, "बोल, काय बिघडलंय?" मी जतहून नवा सुपरवायझर म्हणून आलो होतो. मला वाटलं, हा माणूस एक तर साधू आहे, नाही तर रिकामटेकडा. एकदा न राहवून विचारलंच. म्हणाले, "गड्या, कुरकुर करतोय म्हंजे त्यानं नीट बघितलंय. जो काय बोलतच न्हाई, त्याची मला लय भीती वाटती."

अण्णा सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. आता आमच्याकडे पावसाळ्यात सूर्य असतो की नसतो हेच कळत नाही. खिडकीबाहेर नुसतं धुकं. अण्णा रोज संध्याकाळी डबा समोर ठेवून गावाकडच्या घरी फोन लावायचे, "अगं, हाय का अजून?" तिकडे वहिनी गच्चीवर जाऊन बघून यायच्या आणि मग अण्णांचा डबा उघडायचा. "घड्याळात बघा की अण्णा," मी म्हणायचो. "घड्याळ अंदाज सांगतंय रं. ती बघून सांगती." सगळ्याच बाबतीत त्यांचं हे असं होतं. बघून सांगितलेलं चालायचं, अंदाजाने सांगितलेलं चालायचं नाही.

त्यासाठीच हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी एक लंगडं टेबल ठेवलेलं होतं. त्याचं नाव खोडीचं टेबल. ज्याला काही वेगळं सुचेल त्याने ते या टेबलावर करून बघायचं. बाकी काम चालू तसं चालू. मात्र तक्रार ज्याची, खटपटही त्यानेच करायची. जमलं तर त्या गोष्टीला त्याचंच नाव. फसलं तरी त्याचंच नाव, पण मग अण्णांच्या खर्चाने सगळ्यांना चहा, आणि कशामुळे फसलं ते त्याने उभं राहून सांगायचं.

असा चहा सगळ्यांना माझ्यामुळेही मिळाला आहे. खोक्यांत बाटल्या एकमेकींवर आपटून फुटत, म्हणून मी गावाकडून ज्वारीचा कडबा आणला आणि कुट्टी करून मधे भरली. आठवड्याने खोकं उघडलं तर आत पांढरीशुभ्र आळिंबी उगवलेली! पॅकिंगच्या बायका हसून हसून खाली बसल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. अण्णा मात्र चष्मा वर करून ती आळिंबी निरखत बसले. "आवं अण्णा, आमच्याकडं कडबा वर्षभर टिकतोय," मी म्हणालो. "तुमच्याकडं पाऊसच टिकत न्हाई, म्हणून कडबा टिकतोय," ते म्हणाले आणि मला सगळ्यांसमोर उभं केलं. बोलता बोलता माझी लाज कुठे गेली ते मलाच कळलं नाही.

पण खरी परीक्षा झाली ती शोभाताईच्या वेळी. पावसाळ्यात बाटल्या सुकायच्या नाहीत, त्यामुळे लेबलं घसरायची. बाटल्या पुसून पुसून बायकांचे हात पांढरे पडत. शोभाताई म्हणाली, "जॅम भरलेली बाटली गरम हाय तवरच लेबल लावलं तर? पुसायचं कामच न्हाई." अण्णांनी तिला टेबल दिलं. नेमके त्याच दिवशी मालक आले. टेबलावर बघतात तो काय, सगळ्या बाटल्यांची लेबलं खाली ओघळलेली.

"हे कुणाचं काम?"

शोभाताई रोजंदारीवर होती. उद्यापासून येऊ नको, एवढं म्हटलं की संपलं.

"शोभाताईचं," अण्णा म्हणाले. "करून बघ असं मी सांगितलं." मला अण्णांचा भयंकर राग आला. बिचारीचं नाव कशाला घ्यायचं? पण अण्णा पुढे म्हणाले, "खरं कुठं फसतंय ते आमाला कळंना झालंय, साहेब. तुमी बघता का जरा?" आणि एक बाटली त्यांनी मालकांच्या हातात ठेवली.

"अहो, केवढी गरम आहे ही! हिच्यावर डिंक कसा धरेल? जरा निवू द्या की."

"शोभाताई, ऐकलंस? साहेबांना जागा दे."

मालकांनी बाह्या दुमडल्या. थोड्या वेळाने शोभाताई त्यांनाच सांगत होती, "आवं साहेब, असं न्हाई. तान्ह्या पोराचं दूध बघतो तसं मनगटाला लावून बघा." मनगटाला सोसेल एवढ्या गरम बाटलीवर लेबल असं बसलं की नखाने निघेना. त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये नवा शब्द आला, 'शोभागरम'. जाताना मालक म्हणाले, "अण्णा, आधी ठरलंय तशी टेबलाएवढीच मुभा आहे. त्याबाहेर पसारा नको." दुसऱ्या दिवशी शोभाताई सगळ्यांच्या आधी कामावर हजर होती.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. मालकांनी खातं माझ्या हवाली केलं आणि म्हणाले, "कसं चालवायचं ते आता तू ठरव." मी पहिलं काम केलं ते म्हणजे खोडीच्या टेबलाचा लंगडा पाय दुरुस्त करून घेतला आणि त्याला पॉलिश मारलं. मग त्यावर ओरखडा उठू नये म्हणून कापड आलं. मग त्या कापडावर कुणी काही ठेवेना.

परवा तेजश्री आली. कामाला लागून तिला फार दिवस झालेले नाहीत. दारातूनच म्हणाली, "सर, ते टेबल काढू या. ट्रॉली अडते. आणि कुणाला काही सुचलं की सगळे म्हणतात, टेबलावर बघू. टेबलाला तर तुम्ही हात लावू देत नाही." माझा पारा चढला. "अण्णांचं टेबल आहे ते!" असं ओरडून मी तिला वाटेला लावलं.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. अण्णा आपली बाजू घेणार याची मला खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले. "अरं येड्या, मला टेबलाएवढीच परवानगी हुती, म्हणून टेबल. तुला अख्खं खातं मिळालंय आन् तू टेबल धरून बसलायस व्हय?"

मग त्यांनी हळूच विचारलं, "पोरीला चहा पाजलास का?"

मला तेव्हा अण्णा फार हवेसे वाटले.

सकाळी तेजश्रीने टेबलाची एक बाजू धरली, दुसरी मी, आणि ते आम्ही बाहेर नेलं. आत आल्यावर तिला माझी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि भिंतीला टेकून विचारलं, "बोल, काय बिघडलंय?" तिची पहिलीच तक्रार माझ्याबद्दल निघाली. चेहरा खुलायला हवा होता, तो काही खुलला नाही. पण चहा संपेपर्यंत मी भिंतीपासून हललो नाही.