सारख्या दिसणाऱ्या दोघी

अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांची वंशावळ लावायला मी धारूरच्या शिवारात हिंडत होतो. कापसाच्या रानात, लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवलेली एक बाई अळ्या वेचून चिरडत होती. पाठीवर गांधीलमाशीचे पांढरे कोष असलेली अळी मात्र जपून पानावर परत ठेवायची.

शेजारच्या ओळीत तशाच चेहऱ्याची, तशीच वाकलेली दुसरी बाई होती.

"सख्ख्या बहिणी का?" मी पहिलीला विचारलं.

ती खळखळून हसली. "न्हाई ओ, जावा हाव आमी. एका घरात राबून सारख्या दिसाय लागलाव."

एकाच जातीच्या अळीत वाढलेल्या, हुबेहूब सारख्या दोन माश्या माझ्या डबीत होत्या. परतल्यावर डीएनए तपासला, तर दोघींची घराणी साफ वेगळी निघाली.

रानातल्या त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डबीवर आधी लिहिलेलं 'सख्ख्या बहिणी' खोडून मी 'जावा' लिहिलं.