सायकलीचं गाऱ्हाणं

बॅटरीची सायकल ही मूळ कल्पना सरकारची. म्हणजे सरकार सवलत देतंय असं बाबांनी पेपरात वाचलं, आणि सरकार देतंय म्हटल्यावर न घेणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. मुलुंडच्या दुकानात गेल्यावर कळलं, की सवलत स्कूटरला आहे, पायडलच्या सायकलीला नाही.

"काका, स्कूटरच घ्या ना, झकास आहे," दुकानदार म्हणाला.

"मला सायकल येते," बाबा म्हणाले. चर्चा संपली. सवलतीसाठी गेलेलो आम्ही पूर्ण किमतीची सायकल घेऊन घरी आलो.

बाबांना ती हवी होती भांडुपला जायला. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहतात, माझे काका. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणात आहेत आणि त्यांची दाढी बाबाच करतात. न्हावी चालत नाही, पोटचा मुलगाही चालत नाही. बाबा जन्मभर सायकलवरून गेले, पण हल्ली गुडघे ऐकेनात. रिक्षा करा म्हटलं की चिडायचे. "रिक्षातून उतरताना बघितलं तर दादाला वाटेल, हाही संपला."

आमच्या रस्त्याला सायकल ट्रॅकसुद्धा आहे. त्यावर गाड्या उभ्या असतात, संध्याकाळी चायनीजवाला टेबलं मांडतो आणि सायकली बसच्या पुढून जीव मुठीत धरून जातात. बाबांची तक्रार नव्हती. चढावर बॅटरी ढकलत होती आणि दाढी वेळेवर होत होती.

मग दसरा आला. आम्ही मालवणकडचे. वाहनाची पूजा गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. झेंडूचा हार घालून बाबा सायकलीपुढे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ही जी काय बॅटरीची सायकल आमी घेतली हा, तिचा चार्जिंग रस्त्यात संपांदे नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

नारळ फुटला. आईने पाणी आधी चाकांवर घातलं, मग हँडलवर, आणि उरलेलं सगळं, सायकलीचा जीव तिथेच म्हणून, बॅटरीवर. चार्जरची पिन मी नुकतीच काढली होती. झाकण लावायचं राहिलं होतं.

दुरुस्तीवाल्याने विचारलं, "पाणी गेलंय का?"

"नारळाचं," आई म्हणाली. त्यामुळे काहीतरी सूट मिळेल असं तिला वाटलं असावं. बॅटरीची वाट लागली होती. नवी यायला वेळ लागणार होता.

दाढीच्या दिवशी मी बाबांना माझ्याबरोबर रिक्षात बसवलं. मला फार वाईट वाटलं. काकांच्या गल्लीच्या अलीकडेच त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली, पण तिथे खड्डा होता म्हणून रिक्षावाल्याने ती थेट काकांच्या खिडकीपाशी नेली.

आत गेल्यावर काकांनी सवयीने विचारलं, "सायकल खंय?"

"भायर लावलंय."

"कुलूप घातलंस मा?"

"घातलंय," बाबा म्हणाले आणि गरम पाणी आणायला मोरीकडे गेले.

काकांनी मला चालत्या हाताने जवळ बोलावलं. झटक्यापासून त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो.

"रिक्षाचो आवाज आयकलंय मी," ते म्हणाले. "तेका सांगू नको."