रीलमधलं एरंडेल

तिसरा दोरा तुटला तेव्हा मी नदीकाठी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, हातात थर्मास धरून उभी होते. गुडघाभर पाण्यातल्या पाहुण्याच्या हातातली गळाची काठी एकदम वाकली, एक हिसका बसला आणि काठी पुन्हा सरळ झाली. पाहुणा पाण्याकडे बघत राहिला. आमचं गिऱ्हाईक असलेला ॲलन माझ्याकडे बघत राहिला.

"चार दिवसांत तिसरा," तो म्हणाला. "तिन्ही वेळा तुमचंच रील."

"आय विल चेक," मी म्हटलं. खरं तर चेक करण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुठं चुकलंय याचा संशय मला पहिल्याच दिवशी आला होता, आणि कागदावर सही माझी होती.

हे स्कॉटलंड. महिना फेब्रुवारी, सॅमन माशाच्या हंगामाचा पहिला आठवडा. आणि मी कडोलीची सुनंदा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघणारी. क्वालिटी म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. तीस वर्षं मी तेच केलं. स्वतःची खोट काढायची वेळ तोवर आली नव्हती.

आमचे मालक आप्पा, निपाणीकडचे जैन. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग करणारा आमचा कारखाना माशांच्या धंद्यात शिरला तो ॲलनमुळं. त्याच्या ताब्यात नदीचा एक पट्टा आहे. हंगामात लांबलांबून हौशी लोक तिथं गळ टाकायला येतात, आणि काठी, रील सगळं ॲलन पुरवतो. ती रीलं त्याला आमच्याकडून करून हवी होती.

रील म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी. सॅमन हा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत उलटा चढून येतो. अंगात ताकद भरपूर. गळाला लागला की तो पळत सुटतो. त्या वेळी दोरा सुटत गेला पाहिजे, पण फुकटात नाही. मागून सारखा ताण राहिला पाहिजे, म्हणजे मासा दमतो. त्यासाठी रीलच्या पोटात ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. आमच्या रीलमध्ये ड्रॅग म्हणजे कॉर्कची एक चकती. बाटलीच्या बुचाचं असतं तेच कॉर्क. ते धातूवर घासतं. कोरडं ठेवलं तर जळतं, म्हणून त्याला तेल पाजायचं.

ऑर्डर घ्यायच्या आधी आप्पांनी व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारायला लावला. "मासा मारत्यात काय, इचार."

ॲलन म्हणाला, हंगामाच्या सुरुवातीला धरलेला मासा सोडायचाच, तसा तिकडं कायदा आहे. आणि त्याच्या पट्ट्यात तर शेवटपर्यंत सोडतात.

"सोडायचाच तर धरत्यात कशाला?" आप्पा म्हणाले. मी तेही इंग्रजीत सांगितलं. ॲलन हसला.

आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि मला बोलावलं. "घ्या ऑर्डर. आपुन ब्रेक करतोय. ब्रेक करण्यात पाप न्हाय."

मग ड्रॉइंग आलं. त्यावरची सातवी सूचना अशी होती, की कॉर्कला अमुक एक तेल लावावं. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मी शोधून काढलं आणि आप्पांच्या केबिनमध्ये गेले.

"आप्पा, ह्ये तेल जनावरांच्या पायांच्या हाडापासनं काढत्यात. गाईगुरांच्या."

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या गेटातनं आत येणार न्हाय."

"मग ॲलनला कळवूया, दुसरं लावतो म्हणून."

"कळीव की. पर आधी आपलं करून बघ." दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाटली घेऊन आले. एरंडेल. "माझ्या आज्यानं बैलगाडीच्या आसाला जन्मभर ह्येच घातलं. गाडी कधी अडली न्हाय."

आम्ही लावून बघितलं. रील लोण्यासारखं फिरलं. मला मान्य करावं लागलं, की म्हाताऱ्याचं खरं आहे. फक्त तो एप्रिल महिना होता आणि शेडवरचे पत्रे तापलेले होते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ॲलनला कळवायचं मात्र राहिलं. मी मेल लिहिली, पण पाठवली नाही. तो का म्हणून विचारेल, मग पुन्हा सॅम्पल, पुन्हा टेस्ट. "डिस्पॅचच्या आधी बघू," आप्पा म्हणाले. डिस्पॅचच्या दिवशी माझ्यासमोर फॉर्म आला. त्यावर छापलेलं होतं: तेल ड्रॉइंगप्रमाणे. पुढं चौकोन. मी टिक केली, ओके लिहिलं आणि सही ठोकली. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला चांगलं माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात येऊन आपला माल नदीवर चाललेला बघा, असं ॲलननं बोलावलं तेव्हा आप्पांनी मला पुढं केलं. "मासं धरत्यात तिथं मी काय करू? तूच जा." मी नवी बॅग घेतली. शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून झालं. आणि आता या काठावर उभी होते.

तिसरा दोरा तुटला त्या दिवशी ॲलनचा अंदाज वेगळाच होता. "बेअरिंग खराब आहे," तो म्हणाला. रीलमध्ये छोटं बेअरिंग असतं, ते दुसऱ्या कंपनीचं. "चारला परत येतो आणि त्या लोकांना सणसणीत मेल टाकतो." तो गाडीत बसून गेला.

मी त्याला अडवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

काठावर राहिला डंकन. साठीपलीकडचा हा गडी ॲलनच्या नदीची राखण करतो आणि पाहुण्यांना मासा कुठं आहे ते दाखवतो. तो फार बोलत नसे. त्यानं पाहुण्याच्या हातात दुसरं रील दिलं, ते कोटाच्या आतून, काखेतून काढून.

"हे काय?" मी विचारलं.

"थंडीत तुमचं रील लाजतं. दहा मिनिटं काखेत ठेवलं की बरं चालतं."

दोरा तुटलेलं रील घेऊन मी त्याच्या खोपटात गेले. बेळगावहून आणलेला, ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा दोऱ्याला लावला आणि ओढून बघितलं. रील लगेच हलेना. बराच जोर लावल्यावर हिसका देऊन सुटलं, आणि त्यानंतर छान फिरू लागलं. हा पहिला हिसकाच दोरा तोडत होता. मासा पळायला लागला की त्या क्षणी ब्रेकनं सोडलं पाहिजे. आमचा ब्रेक आधी धरून बसत होता. अर्धा तास रील शेगडीजवळ ठेवलं आणि पुन्हा काटा लावला. हिसका गायब. बेअरिंगचा काही संबंध नव्हता. थंडीत एरंडेल काकवीसारखं दाट होऊन कॉर्कला चिकटत होतं.

डंकन आत आला. त्यानं उघड्या चकतीवर बोट फिरवलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "लहानपणी आजी हे चमच्यानं पाजायची. पोट साफ व्हायला."

"आमच्याकडं पण," मी म्हणाले. दोघंही हसलो. माझं हसू तिथंच संपलं.

"ड्रॉइंगमध्ये हेच तेल आहे?"

"नाही."

तो शेगडीत लाकूड सारत म्हणाला, "चारला ॲलन येईल. तू सांगणार, की मी सांगू?"

साडेबारा वाजले होते. म्हणजे बेळगावात संध्याकाळचे सहा. मी आप्पांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग आठवलं, दिवस मावळायच्या आत आप्पांचं जेवण असतं, आणि पानावर बसल्यावर ते फोनला हात लावत नाहीत. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाहेर पाहुणा पाण्यात उभाच होता, आणि त्याची काठी जरा हलली तरी मी उठून बघायचे.

नको नको ते विचार येत होते. ऑर्डर गेली तर रीलचा सेक्शन बंद, आणि त्यात अकरा माणसं. डंकनच्या हातापाया पडावं काय? बेअरिंगवर ढकललं जातंय तर जाऊ द्यावं काय? ती कंपनी मोठी, त्यांना काय फरक पडतो. तीस वर्षं मी पोरांना "खोटी टिक केलास तर बघ" म्हणून दम दिला होता, आणि आता स्वतः बसून कुणाच्या गळ्यात घोंगडं बांधावं याचा हिशोब करत होते. स्वतःचीच शिसारी आली.

सव्वाला फोन वाजला.

"काय गं सुनंदा? इतक्या येळा फोन?"

मी सगळं सांगितलं. एरंडेल, हिसका, बेअरिंग, चार वाजता येणारा ॲलन. आप्पा ऐकत होते.

"एरंडेल गोठतंय म्हणतीस?"

"गोठत न्हाय, दाट हुतंय."

"आज्यानं..."

"आप्पा, तुमच्या आज्याची गाडी निपाणीत हुती. हितं बर्फ हाय."

एरवी असं बोलायची माझी टाप नव्हती. मग त्यांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती. "दोरा तुटल्यावर माशाचं काय हुतंय?"

तेच मी डंकनला विचारलं. त्यानं जे सांगितलं ते आप्पांना सांगितलं: मासा गळ तोंडात घेऊन जातो, मागं दोरा लोंबत असतो. दोरा दगडाला, मुळाला अडकला तर तो तिथंच मरतो. काही वाचतात.

"किती तुटलं म्हनलीस?"

"तीन."

"आणि ते हाडाचं तेल असतं तर?"

"तर मासा दमला असता, हातात आला असता, गळ काढून सोडला असता."

मी तिथं त्यांच्यासमोर असते तर पाणी पुढं केलं असतं.

"सांग त्येला," ते शेवटी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता सांग. आप्पानं बदललं म्हणून सांग. तुझी चूक न्हाय."

"सही माझी हाय, आप्पा."

"बरं, दोघांची म्हणून सांग. पर एक ध्यानात ठेव. ते तेल काय गेटातनं आत येणार न्हाय. दुसरं काय करायचं ते करू."

ॲलन चारला पाच कमी असताना आला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर बोलणं जमलं नसतं. तेल आम्ही बदललं. का बदललं ते सांगितलं. आणि फॉर्मवर तुम्हाला खोटं लिहून दिलं, ती टिक माझी.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. "एक मेल," तो म्हणाला. "मला एक मेल टाकली असतीस तर मी दुसरं तेल सुचवलं असतं. शाकाहारी लोक इथंही आहेत."



त्याच दिवशी त्यानं आमची सगळी रीलं पाहुण्यांकडून परत घेतली आणि जुनी वाटली. ऑर्डर रद्द केली नाही, थांबवली. हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. तो अख्खा हंगाम आमची रीलं त्याच्या कपाटात पडून राहिली.

इकडं आम्ही तेल शोधत होतो. ते मिळालं चार शेड पलीकडं. तिथं एकजण कोल्ड स्टोरेजच्या मशिनी दुरुस्त करतो. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये थंडीतही पातळ राहणारं तेल लागतं. आप्पांनी ते कशापासून करतात हे कंपनीकडून लेखी मागवलं. जनावराचं काही नाही असं उत्तर आल्यावरच बाटली गेटातून आत आली. मग थंडीत टेस्ट कुठं करायची? आप्पांनी रील घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवलं, मटारांच्या पिशवीशेजारी. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, विचारलं हे काय, तर म्हणाले, "ब्रेक." मी रोज सकाळी स्प्रिंगचा काटा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायचे. फ्रीझर उघडायच्या आधी दर वेळी मी काटा दोनदा पुसायचे, आणि मी सांडेन म्हणून काकू चहाचा कप माझ्यापासून लांब ठेवायच्या.

हिसका आला नाही. रीडिंग ॲलनला पाठवली. त्यानं स्वतःकडं तपासलं आणि पुढच्या फेब्रुवारीत निम्मी ऑर्डर सुरू केली. त्या फेब्रुवारीत मी बेळगावातच होते, पण आठवडाभर जेवण गेलं नाही. सातव्या दिवशी डंकनचा एका ओळीचा मेसेज आला: आता रील काखेत ठेवावं लागत नाही.

मधल्या सप्टेंबरची एक गोष्ट सांगायची राहिली. पर्युषण संपलं की जैन लोकांत क्षमावाणी असते. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्या प्रत्येकाची माफी मागायची, माणसाची आणि इतर जीवांचीही. आप्पा दर वर्षी कारखान्यात सगळ्यांसमोर हात जोडत फिरतात. त्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी हात जोडले, आणि मीही जोडले.

"ॲलनला चिठ्ठी धाडली," ते म्हणाले. "आणि त्या तिघांचीबी माफी मागितली."

कोण तिघं ते मला विचारावं लागलं नाही. "त्यांना कुठं कळणार, आप्पा?"

"त्यांस्नी न्हाय कळत गं. आपल्याला कळतंय न्हवं?"

आमच्या फॉर्मवर आता "ड्रॉइंगप्रमाणे" असं छापलेलं नाही आणि पुढं चौकोनही नाही. रिकामी ओळ आहे. जे तेल घातलं त्याचं नाव हातानं लिहायचं. लिहायची लाज वाटली, तर माल पाठवायचा नाही.