पंचफुला काकूंचं हिरवं झाड

पंचफुला भोयर माझ्या घरमालकीण. लंबी रोटी करायच्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायच्या आणि चुलीवरच्या उलट्या माठावर अशी टाकायच्या की रोटीतून पलीकडची भिंत दिसावी. सगळं काम उभ्यानं, पायाशी जाळ. नागपूरच्या सीताबर्डीतले भोजनालयवाले सकाळीच रोट्या सांगून ठेवत. मी सावनेरचा, म्हणून मला त्या ‘सावनेरवाल्या’ म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण पसंत नसावं.

काकूंना शुगर होती. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांना संशोधनवाल्यांनी गाठलं. वैदेही मॅडम त्यांच्या प्रमुख. फोनवरून रोज आठवण दिली, तर शुगरच्या पेशंटच्या सवयी सुधारतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी शहरातले, खेड्यातले, शिकलेले, न शिकलेले, सगळ्या जातीचे नमुने हवे होते. काकू गरीब, कष्टकरी, अशिक्षित आणि वरून बाई. एका जागी एवढं सगळं मिळाल्यावर सोडतं कोण?

अडचण इतकीच की काकूंकडे फोन नव्हता. मग आठवण देणारं ॲप मुलाच्या, जितेंद्रच्या फोनमध्ये टाकलं. आमच्याकडे यात कोणाला नवल वाटत नाही. रेशन असो, बँक असो, बाईचा नंबर म्हणजे घरातल्या पुरुषाचा नंबर.

जितेंद्र बुटीबोरीला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. ॲप सकाळी मोठ्या अदबीनं विचारायचं, ‘आपण आज गोळी घेतली का? आपले पाय तपासले का? कुठे जखम आढळली का?’ पाय इकडे चुलीपुढे आणि प्रश्न तिकडे कंपनीच्या बसमध्ये. जितेंद्र गुणी पोरगा. होय, होय, नाही, असं आईच्या वतीनं दाबून मोकळा व्हायचा.

“उत्तर नाही देल्लं तं दिवसभर टुणटुण करते गा,” मला म्हणाला. “मशीनवर फोन वाजला का सुपरवायझर पेटते.”

उत्तर मनासारखं आलं की पडद्यावरच्या झाडाला पान फुटायचं. संध्याकाळी घरी आला की तो दाखवायचा.

“पाह्य आई, तुह्यं झाड.”

काकू पदराला हात पुसून पाहायच्या. “किती हिरवं झालं वं माय! म्हणजे शुगर बरी हाय माही.”

फोनला आतलं दिसतं, असं काकूंना वाटायचं. दवाखान्यातल्या एवढ्या मशिनींना दिसतं, तर याला का नाही दिसणार? जितेंद्रला वाटायचं, आई पाय पाहतच असेल. पाय तिचे, आणखी कोण पाहणार? मग काकूंनी दवाखान्याची रांगही सोडली. “कायले उन्हात उभं राहू? फोनवाले पाहून राहिले ना,” म्हणायच्या. आपण कोणाला फसवतोय, असं त्या घरात कोणालाच वाटत नव्हतं. झाड मात्र झकास वाढत होतं.

उन्हाळ्यात एक निखारा त्यांच्या चपलेत शिरला. काकूंना कळलंच नाही. शुगरनं पाय बधिर होतात, हे ज्ञान मला नंतर झालं. तेव्हा मी नुसतंच विचारलं, “काकू, अंगठ्याले काय झालं?”

“दुखते का तो? नाही ना! मंग कायले बोंबलतं, सावनेरवाल्या?”

दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही. आणि फोनमध्ये झाड होतंच.

अंगठा काळा पडत होता, त्याच सुमारास प्रकल्पाचा कार्यक्रम झाला. ‘आदर्श सहभागी’ म्हणून काकूंचा सत्कार. नवं लुगडं नेसून, पायाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून त्या मंचावर चढल्या. “यांनी एकही दिवस चुकवला नाही,” वैदेही मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवरच्या पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला आणि पंखा वाढवायला सांगितलं. फोटो छान आला. फोटोत पाय नाही.

पुढे लवकरच पाय गुडघ्याखालून कापावा लागला. लंबी रोटी संपली. बसून करून पाहिली एकदा. कणीक झुलवायला अंगाला झोक लागतो, तो बसून येईना. रोटी मधोमध फाटली. माठ काकूंनी स्वतःच मोरीत नेऊन ठेवायला लावला.

वैदेही मॅडम घरी आल्या. डोळे भरलेले होते, ते खोटे नव्हते. खाटेशी बसून त्यांनी हळूच विचारलं, “काकू, खरं सांगा. फोनवर उत्तरं कोण देत होतं?”

जितेंद्र दारात उभा होता. “मॅडम, मी...”

“तू गप रे! पाणी आण मॅडमले.” काकू उशीवरून उठून बसल्या. “मीच दाबत होती. हा घरी राहे तेव्हा.”

“मग जखम दिसली नाही तुम्हाला?”

“दिसली ना.”

“दिसली, तरी ‘नाही’ दाबलंत? का?”

“आळस आला. कोन त्या भानगडीत पडते?”

मॅडमनी एक उसासा सोडला आणि लिहून घेतलं. त्यातून काय निघालं, ते मला पुढे त्यांच्याच माणसाकडून कळलं. एक, अशिक्षित बायासुद्धा ॲप स्वतः नियमित वापरतात. दोन, या प्रकरणात रुग्णाची हेळसांड. ॲपचा दोष नाही. भर तापातही ज्यांनी एक रोटी करपू दिली नाही, त्यांच्या नावावर आळस लागला.

जितेंद्र मॅडमना मेट्रोपर्यंत सोडायला गेला. मला राहवेना.

“काकू, काहून खोटं बोलल्या? आता हेच ॲप ते आणखी गावोगाव वाटतीन.”

“वाटू दे. तू त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का? उद्या मशीनवर उभा राहीन तो. मायचा पाय आपन घालवला, हे डोक्यात घेऊन उभा राह्यला, तं हात देऊन बसन एखांद्या दिवशी.”

“पण त्याले तं माहीतच आहे ना, कोण दाबत होतं ते!”

काकूंनी चादर ओढून रिकाम्या जागेवर नीट पसरली.

“माहीत हाय त्याले,” त्या म्हणाल्या. “पण लिहून तं माह्यंच नाव हाय ना.”