बॉम्ब शेल्टरमधलं मतदान

माझ्या हाताला आयुष्यात ग्रीस लागलं, डिझेल लागलं, काजळी लागली. मतदानाची शाई तेवढी कधी लागली नाही. गुहागरजवळच्या आमच्या गावात मतदान असलं की मी कुठल्यातरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये. पुढे जहाज सुटलं, सिंगापूरच्या ऑफिसात नोकरी लागली, पासिर रिसला फ्लॅट घेतला. पण इथे आम्ही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, नागरिक नव्हे. राहा, कर भरा, मत मात्र देऊ नका. निवडणुकीच्या दिवशी घरच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटांचे फोटो येतात आणि मी फोन पालथा घालतो.

अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर हा नवा सहकारी येऊन बसला. आधी बोटीवर, मग ऑफिसात, माझ्यासारखाच. गाव मात्र बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवर. ही बेटं फिनलंडच्या अखत्यारीत, पण संसद स्वतःची, झेंडा स्वतःचा, टपालाची तिकिटंसुद्धा स्वतःची. आणि माणसं म्हणाल तर आमच्या एका तालुक्याला पुरणार नाहीत.

तिकडे संसदेची निवडणूक लागली आणि हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरचं माझं दुपारचं जेवण बेचव झालं. तो रोज भातात चमचा रोवून सांगायचा. शाळेतल्या भूगोलाच्या बाई उभ्या आहेत. होड्या दुरुस्त करणारा शेजारी उभा आहे. चुलत बहीणही आहे, तीही विरुद्ध पक्षातून. सगळा प्रचार फेरीबोटीच्या वेळापत्रकावर चाललेला. आता आमच्या धोपाव्याच्या फेरीबोटीबद्दल मलाही पुष्कळ बोलायचं आहे, पण मला विचारतो कोण?

घरी येऊन मी बायकोपुढे कुरकुरायचो. "मूठभर माणसं आणि म्हणे संसद."

"जळतोयस तू त्याच्यावर," ती म्हणाली.

"छट्."

"बरं, नाही जळत. आमटी वाढू?"

त्यातच तो विचारायला आला. मत टपालाने पाठवायचं होतं आणि त्याला दोन साक्षीदार हवे होते. मी आणि माझी बायको होऊ का? नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? रविवारी जेवायलाच ये म्हटलं.

सुरमई त्याने बोटं चाटत खाल्ली. मग हात धुऊन मतपत्रिकेचं पाकीट काढलं आणि म्हणाला, "मला थोडा वेळ एकट्याने बसायला लागेल." बेडरूममध्ये मुलगी अभ्यास करत होती. बायकोने सरळ बॉम्ब शेल्टरचं दार उघडलं. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची अशी एक खोली असते, युद्ध झालंच तर आसऱ्याला. युद्ध होईपर्यंत आमचा तांदळाचा मोठा डबा, गणपतीचं मखर आणि इस्त्रीचं टेबल तिथे असतं. तो आत गेला आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर उभे. कागदावर फक्त उमेदवाराचा नंबर लिहायचा होता, पण हा काही बाहेर येईना. माझ्या अंगाची नुसती आग होत होती. माझ्या घरात, माझ्या तांदळावर बसून हा आपली संसद निवडतोय आणि मी त्याचा रखवालदार.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"कुणाला द्यायचं ते ठरेना का?" मी मुद्दाम विचारलं.

"ते कधीच ठरलं होतं. नुसता बसलो होतो." मग त्याने सांगितलं की बेट सोडून पाच वर्षं झाली की तिथला रहिवाशाचा हक्क जातो, त्याबरोबर मतही. बायको इथली, संसार इथला. त्याची पाच वर्षं भरत आली होती आणि तो परत जाणार नव्हता. "हे माझं शेवटचं," तो म्हणाला. आम्ही सह्या केल्या. बायकोने त्याला जाताना सुरमईच्या दोन तुकड्या डब्यात घालून दिल्या.

"बिचारा," दार लावताना ती म्हणाली.

"बिचारा कसला? जायला आधी असावं लागतं. माझ्याकडे आहे काय जायला?"

ती ताटं उचलत होती. ती थांबली.

"तुला कोणी अडवलंय? भाऊजींनी मागे लागून यादीत नाव घालायला लावलं तुझं. गेल्या निवडणुकीला तू गावातच होतास, आंब्यांसाठी. थांब म्हणत होते सगळे. मतदानाच्या आदल्या दिवशी पेटी बांधून परत आलास, आंबे पिकतील म्हणून."

ती स्वयंपाकघरात गेली. मी शेल्टरमध्ये जाऊन तांदळाचा डबा जागेवर सरकवला. तो बसला होता त्या वजनाने झाकण मधोमध चेपलं होतं. मी खालून बुक्की मारून ते वर काढायला गेलो, मग तसंच राहू दिलं. आमच्या घरात कुणी मत दिल्याची तेवढीच एक खूण आहे, आणि तीही त्याचीच.